परक्याची विडी

सह्याद्रीत वणवा लागला की गावाआधी कळतं ते आठशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाला. त्याची खबर डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून नोंदणी केलेल्यांच्या मोबाइलवर येते. नोंदणी कोणालाही करता येते, तीही फुकट. म्हणूनच बहुधा कोणी करत नाही. वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांकही असाच पाठ न झालेला. उन्हाळ्याआधी आग अडवणाऱ्या जाळरेषा साफ हव्यात, हे सगळ्यांना मान्य. वारा मात्र कागदावरच्या जाळरेषा वाचत नाही.

आमची पूर्वतयारी वेगळी असते: काडेपेटी. डोंगर जाळला की पावसात गवत जोमानं येतं, ही आजोबांपासूनची खात्री. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या कायद्यानं गुन्हा ठरवलंय, पण कायदा डोंगर चढत नाही. मग आग काजूत, हापूसच्या कलमांत, गोठ्यामागच्या गवताच्या उडवीत उतरते. तेव्हा गाव ओले डहाळे घेऊन धावतं आणि नंतर एकमतानं ठरवतं, कुणा परक्यानं विडी टाकली असणार. हा परका दरवर्षी येतो, नेमका गवत वाळल्यावर. एवढी वक्तशीर आमची एसटीसुद्धा नाही.