मिशीवाला प्रल्हाद

'क्षुधित पाषाण' वाचली की मला आपण चित्रकार असल्याचा भास होतो. रवींद्रनाथांची ही कथा १८९५ची. नदीकाठचा ओसाड महाल, रात्री तिथं वावरणाऱ्या गतकाळातल्या बायका आणि त्यांच्या नादानं खुळावलेला कापूस-महसुलाचा अंमलदार. कथेचं बीज अहमदाबादच्या शाहीबागेतलं. थोरले बंधू सत्येंद्रनाथ तिथं न्यायाधीश असताना रवींद्रनाथ त्या महालात राहिले होते. शहाण्यानं अहमदाबादचं तिकीट काढलं असतं. पण माझे मावससासरे झाशीचे, म्हणजे राहणं-जेवण फुकट. तेव्हा माझी साबरमती झाशी जिल्ह्यातल्या एरचला, बेतवेच्या काठी वाहू लागली.

पौर्णिमा गाठली. निघताना मावससासूबाईंनी विचारलं, "बॅटरी घेतलीत ना?"

"चांदण्यातच काढायचंय," मी खर्जात म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नाही, बायकोकडे पाहिलं.

रात्रभर काढलं. काळ्याकुट्ट भिंती, मधोमध पांढरी स्त्री, पायरीवर अंमलदार. त्याला चेहरा कुणाचा द्यावा? जवळच्या जवळ माझाच होता. पहाटे तिथंच डोळा लागला.

जाग आली ती "काय भैया, जौ का बना रए?" या प्रश्नानं. भोवती पाच-सात माणसं. बुंदेलीतलं ते 'काय' ऐकून मला घरच्यासारखं वाटलं आणि मी मराठीत उत्तर द्यायला लागलो. मग चित्राकडे नजर गेली. महाल पेटला होता! अंधुक उजेडात डोळ्याला लाल रंग काळा दिसतो, हे पुर्किंजे नावाचा शास्त्रज्ञ दोनशे वर्षांपूर्वी सांगून गेलाय. काळा म्हणून मी क्रिमसनच्या दोन ट्यूब रिकाम्या केल्या होत्या. एवढ्या ज्वाळांत ती बाई मात्र निवांत.

एरच म्हणजे हिरण्यकशिपूची राजधानी आणि होलिका जळाली ती इथंच, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यामुळे कुणी मला काही विचारलंच नाही. एका म्हाताऱ्यानं थेट हात जोडले. "होलिका मैया!"

मी रवींद्रनाथ सांगू लागलो. कापूस सांगितला, महसूल सांगितला. म्हातारा शांतपणे ऐकत होता. मग पायरीवरच्या माझ्यावर बोट ठेवून म्हणाला, "और जे प्रह्लाद?"

मी गप्प. त्यानं वाकून नीट न्याहाळलं.

"सब ठीक है भैया," तो म्हणाला, "बस मूँछें मिटा दो."

ब्रश अजून ओलाच होता.