माणशी की घरटी?

"वहिनी, जरा इकडे या कुंपणाशी. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या भाऊजींना यंदा लाखाच्या वर टॅक्स बसला म्हणे!"

"अगं बाई! पगार तरी किती?"

"16 लाख. आमच्या ह्यांनी लगेच आकडेमोड केली. नोकरी संपली तरी कॅल्क्युलेटर काही सुटत नाही. 75,000 ची प्रमाणित वजावट काढून 2025-26 च्या नव्या दरांनी 1,13,100, सेस धरून. आणि त्यांच्या शेजारचं ते जोडपं? तो 8 लाख, ती 8 लाख. घरात 16 च येतात. टॅक्स शून्य!"

"असं कसं हो काकू?"

"12 लाखांपर्यंतची सूट माणशी आहे, घरटी नाही. भाऊजींची बायको दिवसभर सासऱ्यांचं आजारपण काढते, ते कुठल्या रकान्यात भरणार?"

"मग तिच्या नावावर ठेव टाकायची!"

"टाका की. पैसे नवऱ्याने दिलेले असले तर व्याज त्याच्याच उत्पन्नात धरतात. तिथे बरं सरकारला लग्न आठवतं! आणि आमच्या भांडीवाल्या मावशींना विचारा. लाडकी बहीणचे 1500 हवेत तर अख्ख्या घराचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात कोणी कर भरणारा नको. वर 2025 मध्ये ई-केवायसीला नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागितलं. वडील केव्हाच गेले, नवरा परागंदा. त्याचा ओटीपी काय पंढरपूरच्या गर्दीत शोधायचा?"

"म्हणजे घेताना माणूस मोजायचा, देताना घर."

"तेच तर! सनदी लेखापालांच्या संस्थेनं सरकारला सुचवलंय, नवरा-बायकोला एकत्र विवरणपत्र भरू द्या म्हणून. अमेरिकेत आहे तसं, जर्मनीत 1958 पासून."

"नको गं बाई! माझा पगार ह्यांच्या पगाराच्या डोक्यावर चढवला तर माझ्या पहिल्या रुपयालाच वरचा दर. मग सासूबाई म्हणणारच, एवढा टॅक्स भरण्यापेक्षा सोड ती नोकरी. स्वीडनने 1971 मध्ये नवरा-बायकोचा कर वेगळा केला तो याचसाठी. बायका घराबाहेर पडाव्यात म्हणून."

"हे माझ्या ध्यानातच नव्हतं हो. आणि त्या हंगेरीचं ऐकलंत का? चार मुलांच्या आईला 2020 पासून प्राप्तिकरच माफ."

"चार? एकाच्या दहावीने माझे केस पांढरे झालेत! भरते मी टॅक्स."

"भरा, भरा. पण एकत्र विवरणपत्र आलंच, तर ज्याला हवं त्यानं भरावं, सक्ती नको. म्हणजे भाऊजींची सोय होईल आणि तुमची नोकरीही राहील. आणि मावशींचे 1500 मावशींच्याच आधारवर द्या म्हणावं. त्या परागंदा माणसाला कशाला विचारायचं?"