कशावरून?

नानांना फोन करून "नाना, मी बोलतोय" म्हटलं, की पलीकडून पहिला शब्द येतो, "कशावरून?" सख्ख्या मेव्हण्यालाही यातून सूट नाही. असा माणूस आमच्या कॉलेजचे तीन मेल सर्व्हर सांभाळतो, हा योगायोग नव्हे. छत्तीस गुण जुळलेत.

तिन्ही सर्व्हरवर माणसांच्या तीन वेगळ्या याद्या होत्या. पासवर्ड बदलायचा तर तीनदा. निवृत्त झालेले ग्रंथपाल दोन याद्यांतून गेले, पण तिसरीत आणखी तीन वर्षं सेवेत राहिले. (मेल नियमित येई; पगार नव्हे.) तेव्हा ओळख पटवायची जागा एकच असावी, असं ठरलं. ती कोणती, हे ठरवायला नानांनी सव्वा वर्ष घेतलं.

मामला तसा सरकारीच आहे. पत्रं धाडणारा पोस्टफिक्स स्वतः पासवर्ड तपासत नाही. "टपालपेट्या सांभाळणाऱ्या डव्हकॉटच्या खिडकीवर विचारा," म्हणतो. २००६ पासून त्याला ही सोय आहे. डव्हकॉट उठून एलडॅपसारख्या सामाईक यादीचं रजिस्टर बघतो. तिथून होकार आला की तो उलट्या वाटेनं परत. नानांना ही साखळी मनापासून आवडली. संशय फक्त प्रत्येक कडीवर होता.

ओळख पटवण्याच्या पद्धतींपैकी कर्बेरॉस घड्याळापायी गेलं. त्यात यंत्रांच्या घड्याळांत साधारण पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. "इथं पहिला तास तरी पाच मिनिटांत सुरू होतो का?" यंत्रांची घड्याळं आपोआप लागतात, असं मी म्हणालो. "कशावरून?"

मग एका तरुण प्राध्यापकानं क्रॅम-एमडी५ सुचवलं. त्यात पासवर्ड तारेवरून जातच नाही. नाना सरसावले. "म्हणजे ताडून बघायला सर्व्हरनं तो, किंवा त्याच्याच तोलाचं काहीतरी, जपून ठेवायचं! माझ्याकडे ठेचा असतो. तुम्ही मिरची आणा, मी तिचाही ठेचा करतो, चव जुळली की आत. चोराला ठेचा मिळाला तरी त्यातून अख्खी मिरची निघत नाही. आणि प्रत्येकाच्या ठेच्यात मीठ वेगळं. दोघांची मिरची एकच असली तरी कळायचं नाही." (या विद्येत त्याला खरोखरच मीठ म्हणतात, ही नानांची कोटी नव्हे.) मिरची तेवढी टीएलएसच्या बंद डब्यातून आणायची, उघड्यावर नाही.

अखेर एलडॅप आलं. जोडीला दुसरं यंत्र हवं, असं नानांनी लिहून दिलं होतं. खर्च मंजूर झाला नाही. एका सोमवारी ते एकुलतं एक यंत्र बसलं. तिन्ही सर्व्हर ठणठणीत, पण आत कुणालाच जाता येईना. नाना तेवढे निवांत मेल वाचत होते. अडीनडीला असावं म्हणून स्वतःचं नाव त्यांनी डव्हकॉटच्या घरच्या फायलीत आधीच टिपून ठेवलं होतं.

प्राचार्यांनी सर्व्हर रूमचं दार ठोठावलं. "नाना, उघडा! मी प्राचार्य!"

आत खुर्ची करकरली.

"ओळखपत्र दाराखालून सरकवा."

प्राचार्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गळ्यातलं कार्ड काढलं आणि खाली वाकले.