शंका विकणे आहे

नोकरी सोडून वैज्ञानिक प्रोग्रॅमिंगचा स्वतंत्र सल्लागार होणाऱ्या प्रत्येकाच्या मनात, व्हिजिटिंग कार्ड छापून यायच्या आधीच, एक दृश्य तयार असते. संशोधक डोक्याला हात लावून बसले आहेत, गणित अडले आहे आणि दारातून आपण प्रवेश करतो. माझ्या दृश्यात पार्श्वसंगीतही आहे. पण आमच्या धंद्याची गोची अशी की वैज्ञानिक प्रोग्रॅम अडतच नाही. बँकेचे सॉफ्टवेअर बिघडले तर खातेदार आरडाओरडा करतात. प्रथिनांच्या किंवा पावसाच्या प्रोग्रॅममध्ये चूक असली तर तो निमूटपणे एक आकडा देतो, आणि दशांशचिन्हापुढे आठ अंक असलेला आकडा इतका खानदानी दिसतो की त्याला उलट प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटते. म्हणजे आम्ही उत्तरे विकतच नाही. उत्तर गिऱ्हाइकाकडे असतेच. आम्हाला विकायची असते त्याबद्दलची शंका. आणि शंका विकत घ्यायला कोणी उत्सुक नसते.

हे मी धंदा वाढावा म्हणून सांगतो आहे असा संशय रास्त आहे, म्हणून पुरावा देतो. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतल्या जेफ्री चँग या नावाजलेल्या शास्त्रज्ञाला 2006 मध्ये पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले, त्यातले तीन ‘सायन्स’मधले. कारण एवढेच, की घरगुती बनावटीच्या एका प्रोग्रॅमने माहितीच्या दोन रकान्यांची अदलाबदल केली होती. प्रोग्रॅम कोसळला नाही, कुरकुरलाही नाही. पहिला निबंध 2001चा, एका प्रथिनाच्या रचनेवरचा. दुसऱ्या गटाने त्याच कुळातल्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली आणि ती जुळेना, तेव्हा कुठे बिंग फुटले. मधल्या पाच वर्षांत ‘साहेब, तुमचे रकाने तपासून देऊ का?’ म्हणत गेलेल्या सल्लागाराला तिथे चहासुद्धा मिळाला नसता.

रकाने म्हटले की फोरट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा 72वा रकाना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. घाईत असलेल्या वाचकाने पुढच्या परिच्छेदावर जावे. 1957 मध्ये आयबीएमने फोरट्रान आणली तेव्हा प्रोग्रॅम पंच कार्डांवर असत. कार्डावर रकाने 80, पण आयबीएम 704 या संगणकाचा एक शब्द 36 बिटांचा, आणि त्याचा कार्डवाचक दोन शब्दांत मावेल तेवढेच, म्हणजे 72 रकाने वाचायचा. उरलेल्या आठांत कार्डाचा अनुक्रमांक घालत, गठ्ठा हातातून सांडलाच तर पुन्हा लावता यावा म्हणून. कार्डे गेली, ती यंत्रे गेली, पण जुन्या धाटणीच्या फाइलमध्ये 72व्या रकान्यापुढचा मजकूर कंपायलर आजही साधारणपणे वाचत नाही, आणि मुद्दाम इशारा मागितला नसेल तर तसे बोलूनही दाखवत नाही. आता समजा सूत्र लांबले आणि ‘पी10’मधले शून्य 73व्या रकान्यात गेले. उरतो ‘पी1’. पी1 नावाचे व्हेरिएबलही प्रोग्रॅममध्ये असतेच! हिशेब पुरा होतो, आलेख निघतो, आलेखाला सुंदर रंग दिले जातात. असे गायब झालेले शून्य सापडणे यापरते सुख नाही असे मी कुठेही बोलून दाखवायला तयार आहे. लग्नकार्यात मला लोक टाळतात ते बहुधा यामुळेच.

यावर आक्षेप येतो की आता फोरट्रान लिहितो कोण, सगळे पायथॉनवर आहेत. पण पायथॉनच्या सायपाय या वैज्ञानिक संग्रहात मॅट्रिक्सचे समीकरण सोडवायला घातले की काम शेवटी लॅपॅक या जुन्या गणिती संग्रहाकडे जाते, आणि 1992 साली प्रथम प्रसिद्ध झालेले लॅपॅक फोरट्रानमध्ये लिहिलेले आहे. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत 2018 साली प्रत्यूष हा महासंगणक आला. हवामानाची प्रारूपे फोरट्रानचीच राहिली. दुसरा आक्षेप असा की कोड यापुढे एआय लिहील. खुशाल लिहू दे. टंकलेखनाचे पैसे आम्हाला कधी मिळतच नव्हते. एआयनेही चुकीचा आकडा ठामपणे सांगायची कला आत्मसात केली असल्याने उलट आमची गरज वाढण्याचीच चिन्हे आहेत.

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: संस्थेने आपलाच माणूस का ठेवू नये? ठेवावा. पण हा कोड बहुतेकदा एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने रात्री जागून लिहिलेला असतो. कोड लिहिला म्हणून त्याला बढती नाही, निबंधावर नाव नाही. ऋणनिर्देशात, अनुदान देणारे खाते आणि कोणाची तरी सहनशील पत्नी यांच्यामध्ये अर्धी ओळ. तो निघून जातो, कोड राहतो, आणि ‘याला हात लावू नये’ हा नियम पुढच्या पिढ्या पाळत बसतात. ब्रिटनमध्ये 2012च्या सुमारास अशा लोकांसाठी ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे पद रुजवण्याची चळवळ सुरू झाली, ती उगाच नव्हे. त्या मुलाला नोकरीत टिकवून ठेवले असते तर माझ्यासारख्याची गरजच पडली नसती. माझे पोट त्याच्या उपेक्षेवर चालते, आणि या वाक्याला विनोदी शेपूट लावणे मला जमत नाही.

राहता राहिला पैसा. तासावर दर लावला तर पाच मिनिटांत चूक हेरणारा उपाशी राहतो आणि महिनाभर चाचपडणारा बंगला बांधतो. ठोक रक्कम सांगावी, तर चूक कुठे आहे, आहे की नाही, हेच ठाऊक नसते. म्हणून या वाटेवर येऊ पाहणाऱ्यांना माझे सांगणे आहे: पहिले काम नुसते कोड वाचण्याचे ठरवा आणि त्याचे पैसे वेगळे घ्या, चूक निघो न निघो. निघाली नाही तर आपला हिरमोड होतो, पण त्याचे बिल लावू नये. आणि सूक्ष्म-लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आधी करून घ्या, तिला शुल्क नाही आणि थकलेल्या बिलांसाठी ती कामी येते. 2006च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघुउद्योगांची देणी फार तर 45 दिवसांत चुकती करावी लागतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते.