सीलकाका

काकांच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतो, पिशवी रबरबँडमध्ये आणि रबरबँड काकांच्या नजरेखाली. रुवैसच्या रिफायनरीत पाइपांची गळती थांबवण्यात त्यांची उभी हयात गेली. आता शारजात, अल नहदाला मुलाकडे असतात. पण डोळा अजून गॅस्केटचाच. जिथे फट दिसेल तिथे सिलिकॉन भरायचं. इमारतीतली पोरं त्यांना सीलकाका म्हणतात. चुकून काकूही म्हणतात.

सध्या त्यांनी नातीच्या शाळेचा लॅपटॉप मनावर घेतलाय. "अरे, हा कीबोर्ड की ऐंशी खिडक्यांचा वाडा? आणि तोही वाळवंटात बांधलेला!" यात खोटं काही नाही. इथली वाळू मैद्यासारखी. खिडक्या लावून घेतल्या तरी टेबलावर थर बसतो. ऑगस्टच्या दमट हवेत एसीतून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते, तीच गत लॅपटॉपची. बटणाखाली कात्रीसारखी नाजूक पाती, त्याखाली रबराची टोपी, त्याखाली विजेच्या रेघा ओढलेला पातळ पडदा. पात्यात एक कण अडकला की नातीच्या निबंधातले सगळे 'ए' रजेवर.

काकांचं दैवत म्हणजे निग्रोपाँटेंचा एक्सओ, गरीब देशांतल्या मुलांसाठी काढलेला 'शंभर डॉलरचा लॅपटॉप'. (पडला जवळजवळ दोनशेला.) "२००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातली खेड्यातली पोरं वापरत होती! अख्खा कीबोर्ड एका हिरव्या रबराखाली. फट म्हणून नाही!"

पुढे काही ठिकाणी पोरांनी नखांनी ते रबर उचकटलं, हे मी हळूच सांगितलं.

"आयपी ६५ या मानांकनातला ६ धुळीचा, ५ पाण्याच्या फवाऱ्याचा. नखांचा आकडाच ठेवला नाही, त्याला मी काय करू?"

शेवटी बर दुबईच्या कॉम्प्युटर स्ट्रीटवरून, पाणी सांडलं तरी चालेल असा लॅपटॉप आला. काकांनी तो आधी पालथा केला. बुडाला भोकं! सांडलेलं पाणी मदरबोर्डाला न शिवता खाली निघून जावं म्हणून कंपनीने मुद्दाम ठेवलेली. पण उभी हयात भोकं बुजवलेल्या माणसाला हे कोण पटवणार? काकांनी सिलिकॉन भरलं, चोवीस तास सुकू दिलं आणि शुक्रवारी संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून भर बैठकीत अर्धा कप कराक चहा कीबोर्डवर ओतला.

मग लॅपटॉप उचलून सगळ्यांना खालची बाजू दाखवली. "बघा! एक थेंब बाहेर आला?"

नाही आला. चहा अजून आतच आहे.