लग्नाचे बूट : वलगावकरांसाठी अधिकृत मार्गदर्शन

पुरुषांनी बूट कसे निवडावेत यावर जगात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. बूट दिवसभर पायातच राहतात, असं हे सगळं लिहिणारे धरून चालतात. वलगावात लग्नाच्या दिवशी हा हिशेब पहिल्या तासातच कोसळतो. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जातो, तिथे बूट काढतो. मांडवात पाय धुवायचे असतात, तिथे बूट काढतो, मोजेही काढतो. बोहल्यावर, होमाजवळ, सासुरवाडीच्या देवघरापुढे पुन्हा तेच. म्हणून आमचं मूळ सूत्र : बूट काढण्यासाठी घ्यायचे असतात. घालता आले तर उत्तम.

आधी पैशाचं बोलू. याच गावाजवळ, पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. कर्ज काढून लग्नं करू नका, हे बाबांनी कीर्तनांतून जन्मभर सांगितलं. तेव्हा लग्न कशातून होतंय ते ज्याचं त्यानं पाहावं, निदान बूट तरी उधारीवर घेऊ नयेत.

आता जाती. ऑक्सफर्ड बुटाच्या नाडीच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या असतात. बूट दिसतो चोपडा, पण तोंड उघडत नाही. डर्बीत त्याच पट्ट्या वरून शिवतात, त्यामुळे नाडी सोडली की बूट आ वासतो. अनवाणी वाढलेल्या, पुढून पसरलेल्या वऱ्हाडी पावलाला डर्बीच मानवतो. ऑक्सफर्डचा मान आमच्याकडे आहेच. पापळचे पंजाबराव देशमुख तिथूनच शिकून आले. पण भटजी ‘पाय पुढे करा’ म्हणत असताना नवरदेव ओणवा होऊन गाठ सोडतोय आणि फेटा नाकावर येतोय, हे दृश्य त्या विद्यापीठाला शोभणारं नाही. ज्याला नाडीच नको त्यानं लोफर घ्यावा. जाणकार नाक मुरडतील, मुरडू द्या. त्यांना मारुतीच्या पारापर्यंत चालायचं नसतं. बुटावर भोकांची नक्षी असेल तर त्याला ब्रोग म्हणतात. ही भोकं आयर्लंड-स्कॉटलंडच्या दलदलीत बुटातलं पाणी निघून जावं म्हणून पाडत, असं सांगतात. लॉनवाल्यानं दुपारी हिरवळीवर पाइप सोडून ठेवलेला असतो, तेव्हा ही सोय पटते. चामड्याचा तळ मात्र टाळावा. ओली काळी माती त्याला अशी धरते, की नवरदेव स्टेजपर्यंत पोचतो तेव्हा दोन बोटं उंच झालेला असतो.

खरेदीला अमरावतीला जावं आणि संध्याकाळीच जावं. दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. सकाळी बरोबर बसलेला बूट वरातीच्या वेळी चावतो. सोबत मामा, मोठे जावई आणि ज्याचं लग्न नुकतंच झालंय असा एक मित्र असावा. मामा भाव करतो, जावई रंगाला नाव ठेवतात, मित्र अनुभव सांगतो. नवरदेवाचं मत विचारायची पद्धत नाही, फक्त पाय लागतो.

“कसं वाटते भाऊ?”

“अंगठ्याले लागून राह्यला.”

“वापरल्यावर सैल होते.”

“अन् हा दुसरा टाचेतून निंगते.”

“मोजा घातल्यावर फिट बसते.”

दुकानदाराच्या शास्त्रात जगातला प्रत्येक बूट प्रत्येक पायाला होतो, फक्त काळ जावा लागतो. आपण मात्र दोन्ही पायांत बूट घालून, लग्नातलेच मोजे चढवून, दुकानाबाहेरच्या फरशीवर दहा पावलं चालून पाहावं. दोन पावलं सहसा सारखी नसतात, मोठ्याचं माप धरावं. पुढे अंगठ्याएवढी जागा राहावी, टाच उचलली जाऊ नये. इंग्रजी मापात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जवाचा एक दाणा. हे मामांना सांगू नये. ते “मंग एक दाना मोठाच घे, पुढं कामी पडते” म्हणतील. तिशीला आलेल्या माणसाचे पाय अजून वाढणार आहेत, ही घरच्यांची श्रद्धा काही केल्या जात नाही.

रंगाचा प्रश्न गंभीर आहे. काळा सगळ्यावर चालतो, आणि म्हणूनच मांडवाच्या तोंडाशी दोनशे जोडांत आपला कुठला हे फक्त चोराला कळतं. पंगतीला घाई झालेला पाहुणा दुसऱ्याचा डावा आणि स्वतःचा उजवा घालून परतवाड्याच्या गाडीत बसल्याचीही उदाहरणं आहेत. तपकिरी घ्यावा, पट्टाही तपकिरी घ्यावा, आणि बुटाच्या आत पेनानं खूण करावी. नाव लिहू नये, ते साळ्यांच्या फायद्याचं असतं.

साळ्यांचा विषय निघालाच आहे. जोडे पळवणं हा खंडणीचा कायदेशीर प्रकार आहे आणि बोली बुटाच्या किमतीपेक्षा वर जाते. तेव्हा किमतीचं लेबल दुकानातच खरवडून काढावं. मामाच्या पिशवीत एक रबरी चप्पल असू द्यावी. ती घालून नवरदेव शांतपणे जेवायला निघाला, की साळ्यांचा भाव पडतो. जोडे परत मिळाल्यावर लगेच पाय घालू नये, आधी झटकावेत. आत गेलेल्या अक्षता पहिल्या पावलाला कळत नाहीत, विसाव्याला कळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लग्न झालं की बूट डांबराच्या गोळीसह डब्यात जातात आणि तीन-चार वर्षांनी मेव्हण्याच्या लग्नाला निघतात. वरून चकचकीत दिसतात. पण तळ पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, असेल तर पडून पडून, हवेतल्या दमटपणानं तो आतून कुजलेला असतो. वापरातला बूट टिकतो, जपलेला भुगा होतो. घरून निघण्याआधी बूट हातात घेऊन मधोमध वाकवून पाहावा. हे विसरलात आणि वरातीत डीजेपुढे तळ सुटलाच, तर थांबू नये. तुकडा पायानंच बाजूला सारावा आणि नाचत राहावं. त्या वेळी खाली कोणी पाहत नाही. फक्त फोटोवाल्याला आधी सांगून ठेवावं, कमरेच्या वरचेच घे.