कूटमंडळाची स्थापना व त्याचा कारभार

सांगलीचे आराध्य दैवत गणपती, आणि गणपती हा, महाभारताच्या लेखनाची जी कथा परंपरेने सांगितली जाते तिच्या साक्षीने, जगातील पहिला कूट सोडविणारा. कारण आपली लेखणी क्षणभरही थांबता कामा नये अशी अट त्याने घातली तेव्हा व्यासांनी, अर्थ समजल्याखेरीज अक्षर लिहू नये अशी उलट अट घालून, मधूनमधून कूटश्लोकांची अशी पेरणी केली की तेथे तो सर्वज्ञ लेखनिकही विचारात पडे आणि तेवढ्या अवधीत व्यासांचे पुढचे श्लोक सिद्ध होत. या कूटांची संख्या ८,८०० सांगतात. ज्या मुलखाला असे दैवत लाभले त्यातील गावोगावी गूढ शब्दकोडी रचणारे व सोडविणारे एकेक मंडळ असावे हे जितके स्वाभाविक, तितकेच त्या मंडळाच्या कारभाराचे नियम कोणीतरी लेखी नमूद करून ठेवणे अगत्याचे आहे. म्हणून पुढील मार्गदर्शन, कुपवाड हे गाव नजरेसमोर ठेवून, परंतु सर्वांच्या उपयोगाकरिता, सादर केले जात आहे.

कुपवाडच का, अशी हरकत मिरजकर घेतीलच. तिचा खुलासा असा की १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड या तिघांची मिळून जी महानगरपालिका झाली तिच्या नावात कुपवाडास तिसरे आसन मिळाले, आणि ज्या गावाने द्वंद्व समासाच्या शेपटाशी बसून इतकी वर्षे काढली त्याला शब्दांचे तुकडे कसे जोडले जातात व जोडताना कोणाची गैरसोय होते याचे ज्ञान अनुभवानेच झालेले असते. शिवाय तेथे औद्योगिक वसाहत आहे, तिच्यात पाळ्या चालतात, आणि त्यामुळे दिवसाच्या कोणत्याही प्रहरी टपरीवर चहा पिणारा आणि नुकताच मोकळा झालेला एक तरी बुद्धिमान इसम हटकून सापडतो.

सभासद पाच असावेत. सातांच्या पुढे गेल्यास ती सभा होते आणि सभेत कोणी विचार करीत नाही. एक निवृत्त गुरुजी असावेत, कारण प्रतिशब्दांचा साठा त्यांच्यापाशी असतो आणि तो खर्च करण्याची संधी त्यांना घरी मिळत नाही. हळदीच्या अडतीवरचे एक दिवाणजी असणे अनिवार्य आहे. याचे कारण पुढे येईल. यंत्र खोलून पुन्हा जोडताना एकही स्क्रू शिल्लक न ठेवणारा फिटर मिळाल्यास सोन्याहून पिवळे. वकील एकच घ्यावा, कारण दोन घेतल्यास कोडे बाजूला राहते. आणि प्राथमिक शाळेत शिकविणाऱ्या एक बाई असाव्यात, ज्या बैठकीभर भडंगातले शेंगदाणे वेचीत गप्प बसतील व योग्य वेळी उत्तर सांगतील.

आता सूत्राची रचना. वर्तमानपत्रातील नेहमीच्या शब्दकोड्यात “पाणी, दोन अक्षरी” असे विचारतात आणि आपण “जल” किंवा “नीर” लिहून मोकळे होतो. त्यात परिश्रम नाहीत, म्हणून अब्रूही नाही. गूढ सूत्राला दोन अंगे असतात: एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, आणि उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरे जोडून, तोडून, उलटवून किंवा लपवून सिद्ध करण्याची कृती, ही दोन्ही अंगे अशा बेमालूमपणे सांधायची की वाचणाऱ्यास तिसऱ्याच एखाद्या घटनेचे वृत्त वाचल्याचा भास व्हावा. उदाहरणार्थ: “मिठाच्या आरंभामागोमाग धूळ, आणि तेथेच सतारी घडतात (३).” मिठाचा आरंभ म्हणजे ‘मि’, धूळ म्हणजे ‘रज’, आणि सतारी घडतात ती मिरज. किंवा: “पाढ्यातले दोन आणि धान्याचा एक कण, तासगावी सुकतो (३).” पाढ्यात दोनाला ‘बे’ म्हणतात, कणाला ‘दाणा’, आणि दोन्ही मिळून बेदाणा. खुद्द यजमान गावाचा मान असा राखावा: “वाईट पवाडा, शेवटचा काना गमावून, कारखान्यांच्या गावी पोहोचतो (४).” वाईट म्हणजे ‘कु’, पवाड्याचा शेवटचा काना गेला की ‘पवाड’, पुढचे कुपवाडकरांस सांगणे नलगे. येथे वकील, शब्द पोवाडा असा आहे, म्हणून इतराजी नोंदवितात. गुरुजींनी, पवाडा हे त्याचेच जुने रूप आहे, असे सांगून ती खारीज करावी.

ही विद्या विलायतेहून आली अशी समजूत असणाऱ्यांस दप्तरातील पुढील कागद दाखवावेत. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत प्रहेलिकेची गणना केली आहे. काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात दंडीने प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले असून, दोन शब्द संधीने चिकटवून अर्थ झाकला की ती समागता, आणि रूढ अर्थाचा मोह घालून दुसराच अर्थ साधला की ती वंचिता, अशी त्यांची नावनिशीवार नोंद केली आहे. त्यांचे उपयोगही त्याने तीन दिले: गोष्ठीतला विनोद, गर्दीत जाणकारांनी जाणकारांशी करावयाचे गुप्त बोलणे, आणि दुसऱ्यास संभ्रमात पाडणे. (तिसऱ्या उपयोगाबद्दल आमच्या सभासदांस मार्गदर्शनाची आवश्यकता पडत नाही.) पूर्वाचार्यांनी आणखी चौदा दुष्ट प्रहेलिकाही मोजल्या होत्या, परंतु दोष अगणित असतात असे म्हणून दंडीने त्यांची यादी देण्याचे नाकारले, आणि एखाद्या मंडळाचे कामकाज ज्याने एकदा तरी पाहिले आहे त्याला या निर्णयातील शहाणपण तत्काळ पटेल.

पश्चिमेकडे चौकटींचे कोडे प्रथम छापले गेले ते १९१३ च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९३० पर्यंत त्यास दारात उभे केले नाही. सूत्रे संपूर्णपणे गूढ ठेवण्याचा कडक शिरस्ता ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ज्याने १९२६ पासून पाडला, त्याने स्पेनमधील एका कुप्रसिद्ध धर्मन्यायाधीशाचे नाव धारण करून ‘टॉर्केमाडा’ या नावाने लेखन केले. त्याचे खरे नाव एडवर्ड पॉविस मॅथर्स, आणि आमच्या बिल्हणाच्या चौरपंचाशिकेचे इंग्रजी रूपांतर करणारा गृहस्थ तो हाच. तेवढ्यावरून साऱ्या विलायती कूटशास्त्राची मालकी संस्कृताकडे लावून घेण्याचा ठराव बैठकीत कोणीतरी मांडील. तो नामंजूर करावा, परंतु मांडणाऱ्यास चहा पाजावा.

बैठकीचा क्रम असा. सूत्रकाराने आपले सूत्र मोठ्याने, निर्विकार चेहऱ्याने आणि एकाच सुरात वाचावे. चेहऱ्याची अट कठोर आहे: हत्तीविषयीचे सूत्र वाचताना सूत्रकार हसला तर हत्ती हा हत्ती नसल्याचे सर्वांस कळते. वाचनानंतर पहिला प्रहर शांततेचा. दुसऱ्यात प्रत्येकास आपापले उत्तर सुचते व ते चुकीचे असते. तिसऱ्यात पुढीलप्रमाणे संवाद होतो, तो नमुन्यादाखल देतो. सूत्र आहे: “हत्तीला काना जोडला, नदी वाहू लागली (३).”

“हत्तीला कान असतातच, जोडायचे कशाला?” दिवाणजी विचारतात.

“वारणा,” बाई म्हणतात.

“कशावरून, बाई?”

“वारण म्हणजे हत्ती, हे गुरुजींनीच गेल्या बैठकीला सांगितले. आणि दिवाणजी, कान नव्हे, काना.”

“हरिपूरच्या संगमावर रोज उभा असतो मी,” फिटर म्हणतो, “आणि वारणा आठवली नाही.”

येथे उत्तर मिळाले, परंतु खेळ संपला नाही. किंबहुना आता तो सुरू झाला, आणि दिवाणजींची आवश्यकता ती येथेच. सूत्रातील प्रत्येक शब्द जमेच्या किंवा खर्चाच्या बाजूस लागला पाहिजे आणि शेवटी शिल्लक शून्य आली पाहिजे, हा मंडळाचा मूळ कायदा आहे. ‘हत्ती’ वारणात गेला, ‘काना जोडला’ म्हणजे णचा णा झाला, ‘नदी’ हा अर्थ. मग ‘वाहू लागली’चे काय, असे दिवाणजी विचारतात, आणि काना जोडताक्षणी ती नदी झाली म्हणून वाहू लागली, हे क्रियापद अर्थाच्याच खात्यावर आहे, असा बाईंचा जबाब झाल्यावर ते समाधानाने मान हलवितात. याउलट “कारकुनाचे कलम मोडून चिखलात लावले, तेच उगवले (३)” हे सूत्र फिटरने मोठ्या अभिमानाने सादर केले असता, ‘कलम’ मोडून अक्षरे फिरविली की ‘कमल’ होते, ते चिखलात उगवते, कलम बागेतही लावतात, इथपर्यंत सारे कौतुकास्पद. परंतु कारकून कोठे गेला? तो कोणत्याही खात्यावर लागत नाही. केवळ वाक्य भारदस्त दिसावे म्हणून नेमलेला, काम काहीही न करणारा कारकून सरकारी कचेरीत चालेल. सूत्रात त्यास तत्काळ बडतर्फ करावे.

म्हणून गुण देण्याची तजवीज अशी असावी की नुसते उत्तर सांगणाऱ्यास काही मिळू नये आणि हिशेब पुरा करून देणाऱ्यास, उत्तर दुसऱ्याने सांगितले असले तरीही, सारे मिळावे. हा नियम जाचक वाटतो. पण जे उत्तर अंदाजाने आले आणि ज्याचा हिशेब देता आला नाही ते उत्तर नव्हे, ती सोडत. आणि सोडतीचे काय होते याचा दाखला मुंबई राज्याच्या इतिहासात नमूद आहे. शब्दकोड्यांच्या बक्षिसी स्पर्धांचा एके काळी येथे सुळसुळाट झाला. जेथे एकाहून अधिक शब्द सारखेच चपखल बसतात तेथे ‘बरोबर’ शब्द कोणता हे केवळ चालकाच्या मोहरबंद पाकिटासच ठाऊक, आणि प्रवेशपत्रांगणिक पैसा मात्र आपला. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांची महिन्याची एकूण बक्षिसे १,००० रुपयांवर आणि प्रवेशपत्रे २,००० वर आणून ठेवली, आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने, आर. एम. डी. सी. या नावाने गाजलेल्या शब्दकोड्यांच्या खटल्यांत, हे निर्बंध जुगारी स्पर्धांपुरते आहेत, जेथे यश मुख्यत्वे कौशल्यावर अवलंबून आहे तेथे नाहीत, असा निवाडा केला. आमचे बक्षीस भडंगाचा एक पुडा असल्याने आम्ही दोन्ही बाजूंनी निर्धास्त आहोत. तथापि दिवाणजींच्या वहीत प्रत्येक उत्तराचा हिशेब मांडलेला असणे हा आमच्या कौशल्याचा पुरावा आहे, आणि तो वकिलांच्या सल्ल्यानेच जपून ठेवला आहे.

लिपीविषयक तंटे वेगळे काढावेत, कारण ते मिटत नाहीत. घर अक्षराचे, वर्णाचे नव्हे. ‘कृष्णा’ दोन घरांत मावते, आणि “द्रौपदी आयर्विन पुलाखालून वाहते (२)” हे सूत्र त्यामुळेच शक्य होते, जरी १९२९ सालच्या त्या पुलाचा द्रौपदीशी संबंध पाहून गुरुजींस प्रथम फार वाईट वाटले. शब्द उलटविताना काना आपल्या अक्षराबरोबरच प्रवास करतो: वारा उलटला की पोपट, म्हणजे रावा. अनेक शब्दांची आद्याक्षरे जुळवून उत्तर काढण्याची युक्ती इंग्रजीत सोपी पडते, पण मराठीत ‘ळ’ने शब्दच सुरू होत नसल्याने हळद, केळ आणि मिसळ ही तिन्ही रत्ने त्या युक्तीस कायमची दुर्मिळ झाली आहेत. ऱ्हस्वदीर्घाची सवलत मागणाऱ्यास देऊ नये. ज्या वयस्क सभासदांस १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम अद्याप मनातून मान्य नाहीत त्यांना मात्र हे दाखवून द्यावे की अनुच्चारित अनुस्वार गेल्यामुळेच ‘नांव’ आणि ‘नाव’ एक झाले, आणि “बारशाला आत्या ठेवते, ते पाण्यात तरते (२)” या सूत्रास कायदेशीर अस्तित्व लाभले; साहित्य महामंडळाच्या मनात हे नसेलही, परंतु कोडेकारांनी त्याचे ऋण मानले पाहिजे.

वर्ज्य सूत्रे पुष्कळ. सूत्रकाराच्या मेहुण्याच्या सवयी माहीत असल्याविना सुटत नाही ते, जे सुटल्यावर कोणीही “हात्तिच्या!” म्हणत नाही ते, आणि ज्याचा खुलासा करण्यास सूत्रकार उभा राहतो व दहा मिनिटांनीही बसत नाही ते. यापुढे दंडीचेच अनुकरण करून थांबतो.

नवे मंडळ स्थापू इच्छिणाऱ्यांनी पुढील सूत्र पहिल्या बैठकीत घ्यावे: “लक्ष्मीपाठोपाठ गुप्तहेर येतो, तरी लेक तेथेच जाण्याचा हट्ट धरते (३).” उत्तरे हिशेबासह पाठवावीत. बिनहिशेबी उत्तरे, बरोबर असली तरी, दप्तरी दाखल करून घेतली जाणार नाहीत.